सहावा विषय

दहावीला विषय सहा असतात, पण गुणपत्रिकेवर टक्केवारी छापलेली असते ती पाचांची. ज्या विषयात सगळ्यात कमी गुण, तो बोर्ड आपणहून बाजूला ठेवतं आणि उरलेल्या पाचांची बेरीज पाचशेपैकी धरतं. हे आमच्याकडे कुणाला समजावून सांगावं लागत नाही. निकालाच्या दिवशी पेढ्याबरोबर जो आकडा घरोघरी सांगितला जातो तो हाच. माझ्या भावाचा आकडा सत्तर होता. सत्तर पूर्णांक शून्य शून्य. त्यातले पाच गुण चित्रकलेच्या परीक्षेचे जादा मिळाले होते. इंग्रजीत एक्केचाळीस होते, पण ते धरलेच नव्हते, म्हणून त्यांच्याबद्दल घरात कधी कुणी बोललंही नाही.

मी हे लिहिते आहे ते त्या एक्केचाळीस गुणांमुळे. नीट जमेल की नाही, माहीत नाही.

आमचं गाव होटगीच्या पुढे, आडबाजूला. वडिलांची मेंढरं आहेत, थोडं कोरडवाहू रान आहे. आईचं माहेर अक्कलकोटच्या पलीकडचं, त्यामुळे चिडली की ती कानडीत चिडते. दादा माझ्याहून पाच वर्षांनी मोठा. त्याने माझ्यासाठी शिक्षण सोडलं असं काही नाही. तसं असतं तर मला लिहायला सोपं गेलं असतं. त्याला पुस्तक आवडत नव्हतं, हाताचं काम आवडत होतं, म्हणून तो दहावीनंतर स्वतःहून आयटीआयला वेल्डरच्या ट्रेडला गेला आणि तिथे ब्याऐंशी टक्के मिळवून बाहेर पडला. मग सोलापुरात एका वर्कशॉपमध्ये लागला. गेट, ग्रील, उसाच्या ट्रॉल्या. शर्टाला ठिणग्यांची बारीक बारीक भोकं पडलेली असायची. आई म्हणायची, ह्याचे कपडे वाळत घातले की पलीकडचं रान दिसतं.

माझ्या बारावीनंतर चुलत्यांनी विचारलं होतं, आता पोरीला अजून कुठवर शिकवणार. तेव्हा दादा जेवता जेवता म्हणाला, "ती शिकंल तितवर." एवढंच. वर पाहिलंही नाही त्याने. मी आमच्या घरातली कॉलेजात गेलेली पहिली. रोज वडापच्या जीपने सोलापूरला जाते, बी.ए.ला आहे.

कॉलेजात गेल्याबरोबर मी गावाची वाचणारी झाले. पीक विम्याचा कागद, बँकेची नोटीस, गॅसच्या पुस्तकातली कसलीतरी ओळ, सगळं माझ्याकडे यायला लागलं. "तिला दाव, ती कॉलेजला हाय." मला ते आवडत होतं. खोटं कशाला सांगू, फार आवडत होतं. मराठीतलं मला सगळं कळायचं. इंग्रजीतलं मी मनात ओळीखाली बोट धरून, एकेक शब्द सोडवत वाचायचे, आणि लोकांसमोर तसं वाचायची लाज वाटायची. म्हणून इंग्रजी कागद आला की मी वरवर नजर फिरवायचे आणि जे वाटेल ते सांगायचे. बहुतेक वेळा ते बरोबर निघायचं.

रेल्वेच्या अप्रेंटिसचं डोक्यात घातलं ते एका निवृत्त वेल्डरने. डब्यांच्या दुरुस्तीच्या डेपोत त्यांची सगळी नोकरी झालेली. घराचं गेट करून घ्यायला ते वर्कशॉपमध्ये आले आणि दादाच्या जोडावरून बोट फिरवत म्हणाले, "हा हात हितं गेटं जोडण्यात कशाला घालवतोस रं?" मग त्यांनी सांगितलं ते दादाने घरी येऊन जसंच्या तसं आम्हाला सांगितलं. एक वर्ष डेपोत शिकायचं. फिटर, वेल्डर, इलेक्ट्रिशियन, सुतार, पेंटर, ज्याचा जो ट्रेड तो. लेखी परीक्षा नाही, मुलाखत नाही. दहावीचे टक्के आणि आयटीआयचे टक्के, दोन्हीची सरासरी काढून यादी लागते. वर्ष संपलं की परीक्षा आणि सर्टिफिकेट. ही नोकरी नव्हे, हे त्यांनी दोनदा बजावलं होतं. पण पुढे भरती निघाली की सर्टिफिकेटवाल्यांसाठी वेगळ्या जागा असतात.

"आन् न्हाय निगाली भरती तर?" वडिलांनी विचारलं.

"तर कागद हाय की हातात," दादा म्हणाला. "आज कंपनीत गेलो तर म्हनत्यात, कुटं शिकला? मी काय सांगू, गेटाला इचारा?"

तरी दोन वर्षं त्याने टाळलं. शिकाऊ म्हणून मिळणारं विद्यावेतन वर्कशॉपच्या पगारापेक्षा कमी होतं, आणि घराला त्याच्या पगाराची सवय लागली होती. शेवटी जाहिरात आली तेव्हा वयाच्या अटीत तो जेमतेम तीन महिन्यांनी बसत होता. पुढच्या जाहिरातीला तो बसणार नव्हता. हे आम्हा दोघांनाही पक्कं माहीत होतं.

फॉर्म भरायला आम्ही कॉलेजजवळच्या सायबर कॅफेत गेलो. दुपारची वेळ, दादा कामावरून तासभर सुटून आलेला, हाताला जळक्या लोखंडाचा वास. कॅफेचे मालक म्हातारे, आम्ही सगळी मुलं त्यांना चाचा म्हणतो. त्यांनी जाहिरात उघडून दिली. पानांमागून पानं, सगळी इंग्रजी. मागे फॉर्मसाठी पाच-सहा जण उभे होते. त्यात माझ्याच वर्गातल्या दोन मुली.

मी चार पानं वाचली. म्हणजे वाचली असं दाखवलं. तिसऱ्या पानापासून मला नुसते आकडे दिसत होते. मागून कुणीतरी म्हणालं, "ओ ताई, घरी जाऊन वाचा की."

चाचांनी चष्म्यावरून पाहिलं. "इन्स्ट्रक्शन पूरे पढ़ लिए ना बेटी? बाद में मेरे कू नको बोलो."

"हो, वाचलं सगळं," मी म्हणाले.

"ती कॉलेजला हाय चाचा," दादा मागून म्हणाला. त्याच्या आवाजात जे होतं ते मला अजून ऐकू येतं.

मग मी फॉर्म भरला. नाव, जन्मतारीख, ट्रेड. दहावीचे मिळालेले गुण या चौकटीत मी साडेतीनशे लिहिले, पैकीच्या चौकटीत पाचशे. टक्के आपोआप आले, सत्तर पूर्णांक शून्य शून्य. गुणपत्रिकेवर छापलेलेच होते. मला शंकासुद्धा आली नाही. शंका यायला निदान वाचलेलं असावं लागतं.

यादी लागली तेव्हा दादाचं नाव चांगलं वरच्या बाजूला होतं. मी मोबाईलवर ते मोठं करून आईला दाखवलं. तिला वाचता येत नाही, तरी तिने त्या ओळीवरून बोट फिरवलं. वडील संध्याकाळी मेंढरं कोंडून पुन्हा गावात गेले. आम्हाला माहीत होतं, चारचौघांत सांगायला. दुसऱ्या दिवशी दुकानात मला विचारणा सुरू झाली, "दादा रेल्वेत लागला म्हनं?" मी सांगायचे, शिकायला निवडलाय. ते म्हणायचे, तेच की.

कागदपत्रं तपासायला रेल्वेच्या ऑफिसात त्याच्याबरोबर मीही गेले. मूळ गुणपत्रिका, आयटीआयचा दाखला, जातीचा दाखला, सगळं एका प्लॅस्टिकच्या पिशवीत. दादाने नवीन शर्ट घातला होता, भोकं नसलेला. टेबलावरचे कारकून वयस्क होते, चांगले बोलत होते. आयटीआयची गुणपत्रिका पाहून "ब्याऐंशी, वा" असंही म्हणाले. मग त्यांनी दहावीची गुणपत्रिका पुढे ओढली आणि कॅल्क्युलेटर घेतला.

मला वाटलं, ते टक्के बघतील आणि पुढे जातील. पण ते एकेक विषय मिळवत गेले. एकाहत्तर, अडुसष्ट, एक्केचाळीस, बासष्ट, सत्तर, चौऱ्याहत्तर. मग सहाशेने भागलं. पुन्हा एकदा केलं. मग स्क्रीनकडे पाहिलं.

"चौसष्ट पूर्णांक तेहतीस," ते म्हणाले. "तुम्ही सत्तर लिहिलेत."

"साहेब, छापलंय की तितं," दादा म्हणाला.

"ते बेस्ट ऑफ फाइव्ह. वर जादाचे पाच. इथं सगळे विषय धरतात, आणि जादाचे धरत नाहीत." त्यांनी त्याच्याकडे पाहिलं. "फॉर्म कुणी भरला?"

"मीच," दादा म्हणाला.

"मी भरला," मी म्हणाले. दोघं एकदमच बोललो.

कारकुनांनी मला विचारलं, "शिकता?"

"बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला."

ते रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांनी जाहिरातीची प्रत काढली, पान उलटलं आणि एका परिच्छेदाखाली पेन ठेवून ती माझ्याकडे फिरवली. मी वाचलं. तिथे घाई करणारं कुणी नव्हतं, म्हणून मला सगळं कळलं. सगळ्या विषयांचे गुण धरावेत, निवडक विषयांचे नव्हे. त्याच्याच खालची ओळ, प्रत्यक्षापेक्षा जास्त गुण दाखवलेल्यांची निवड रद्द होईल. इंग्रजी अवघड नव्हतं हो. बारावीच्या पुस्तकातलं असतं तसं साधं होतं.

"साहेब, दुरुस्त करता न्हाय का येत? तिनं मुद्दाम न्हाय केलं," दादा म्हणाला.

"मला दिसतंय मुद्दाम नाही ते. पण मशीनला दिसत नाही ना. दरवर्षी चार-पाच जण असेच येतात." त्यांनी पिशवीतले कागद पुन्हा नीट लावून दिले. सगळे सरळ, कोपऱ्याला कोपरा. "दुसरीकडे प्रयत्न करा. हात चांगला असेल तर अडणार नाही."

बाहेर जिन्यात मी मोबाईलवर यादी काढली. मला राहवलं नाही. चौसष्ट तेहतीस आणि ब्याऐंशी, सरासरी त्र्याहत्तरच्या थोडी वर. त्याच्या प्रवर्गातल्या शेवटच्या नावापुढे एकाहत्तर काहीतरी होते. मी पुन्हा गणित केलं. मग दादा म्हणाला, "काय बगतीस? खरं लिवलं असतं तर?"

मी खोटं बोलायला हवं होतं. माझ्या अंगात तेवढंही नव्हतं.

"तरीबी नाव होतं," मी म्हणाले.

तो जरा वेळ जिन्याच्या लोखंडी कठड्याकडे बघत राहिला. त्याची सवय आहे ती, कुठलाही जोड दिसला की बघतो. मग म्हणाला, "मग लायकी व्हती की." आणि खाली उतरायला लागला.

घरी काय सांगायचं हे आम्ही ठरवलं नव्हतं. गावच्या फाट्यावर उतरलो तर चहाच्या टपरीवर चार माणसं होती, आणि त्यातल्या एकाने लांबूनच हाक मारली, "काय रं, कंदी जायाचं रेल्वेत?"

"न्हाय झालं," दादा म्हणाला. "डोळं. मेडिकलला डोळं कमी भरलं."

"वेल्डिंगनं घालिवलं बग," टपरीवाला म्हणाला. सगळ्यांनी माना हलवल्या. कुणाला काही विचारावंसं वाटलं नाही, इतकं ते पटण्यासारखं होतं.

मी त्याच्या शेजारी उभी होते. मी काही बोलले नाही. घरी त्याने आईवडिलांनाही तेच सांगितलं आणि तेव्हाही मी बोलले नाही. रात्रंदिवस रानात असणारे माझे वडील त्या दिवशी पहिल्यांदा त्याच्यावर ओरडले, "म्या धा बार सांगितलं, काच धर डोळ्याम्होरं! ऐकाया नगं!" तो काच धरतच होता. कधी चुकवली नाही त्याने. आई रोज त्याच्या पापण्यांवर कच्च्या दुधाच्या घड्या ठेवायला लागली आणि तो निमूट पडून राहायला लागला, दिवसातली पंधरा मिनिटं, धडधाकट डोळे मिटून.

मी एकदा त्याला म्हणाले, मी सांगते घरात. तो म्हणाला, "गप बस तायडे. तुझं कॉलेज बंद करतील."

करतील की नाही, मला आजही माहीत नाही. चुलते बोलले असते, हे नक्की. पण मी त्याच्या त्या वाक्याला धरून बसले, कारण ते मला सोयीचं होतं. लोक अजून माझ्याकडे कागद आणत होते. मी आता प्रत्येक कागद शेवटपर्यंत वाचत होते, आणि माझं नाव आणखीच चांगलं होत होतं.

दिवाळीनंतर दादाला मंद्रूपकडचं एक स्थळ आलं. मुलगी बारावी झालेली. तिचे वडील साधे होते, बोलणारे होते तिचे मामा. पाहण्याचा कार्यक्रम झाला होता, मुलगी सगळ्यांना आवडली होती. दादालाही. ते त्याने सांगितलं नाही, पण दोन दिवस तो शीळ घालत होता. आता ती माणसं आमच्याकडे घर बघायला आली होती. मी चहा घेऊन बाहेर आले तेव्हा मामा म्हणत होते, "पोरगं हाताचं हाय, लई चांगलं. निस्तं तेवडं डोळ्याचं कानावर आलं, म्हनून इचारतो."

"बरं हाय आता," आई घाईने म्हणाली. "दूद घालतो की रोज."

ते ऐकून मला जमिनीत जावंसं वाटलं. मामांनी समोरच्या भिंतीकडे बोट केलं. "पावनं, ते क्यालिंडर वाचून दावा बरं. बारीक काय लिवलंय ते."

सगळे हसले, चेष्टा असल्यासारखे. दादाही हसला आणि बसल्या जागेवरून त्याने तारखेखालची तिथी वाचली, नक्षत्र वाचलं, अगदी खाली छापखान्याचं नाव होतं तेही वाचलं. मुलीचे वडील खूश झाले. पण मामांनी बशी खाली ठेवली.

"ह्ये तर गरुडावानी दिसतंय की. मग रेल्वेला कसं दिसलं न्हाय?"

"त्यांची मशीन असती की मामा," दादा म्हणाला. "ती आतलं दावती."

"आतलं म्हंजे? आत काय हाय?"

दादा थांबला. त्याला खोटं पुढे चालवता येत नव्हतं. त्याने गावाला एकच खोटं सांगितलं होतं, आणि ते एका वाक्याचं होतं. वडील त्याच्याकडे बघत होते. त्यांनाही उत्तर हवं होतं. आणि मी, इतके महिने गप्प बसलेली, तिथे चहाच्या ट्रेसकट बोलले.

"त्याच्या डोळ्याला काही झालेलं नाही. मेडिकल झालीच नाही. फॉर्म मी भरला होता. मी टक्के चुकीचे लिहिले, म्हणून त्याचं नाव काढलं."

मी सगळं सांगितलं. सहा विषय, पाच विषय, पाचशे, सहाशे. सांगताना मलाच ते खोटं वाटायला लागलं. मामांनी शेवटपर्यंत शांतपणे ऐकून घेतलं आणि मग फार मायेने हसले.

"भन असावी तर अशी," ते म्हणाले. "भावासाटी सोताच्या अंगावर घिती. पर बाई, बी.ए.ला हाय तू. छापल्याला टक्का बगून लिवायचा, त्यात चुकायचं काय? आमच्या धाकल्यानं लिवला असता बरोबर."

"खरंच सांगते मामा."

"व्हय व्हय," ते म्हणाले.

मी दादाकडे पाहिलं. त्याने एक शब्द बोलायचा होता, हो, खरं आहे. तो बोललाही. पण आता ते दोघांनी मिळून ठरवल्यासारखं दिसत होतं. मुलीचे वडील अस्वस्थ होऊन टोपी चाचपडत होते. आईने कानडीत माझ्याकडे बघून "साकु" म्हटलं, पुरे म्हणून, आणि कप गोळा करायला लागली.

चार दिवसांनी मध्यस्थाकडून निरोप आला. पोरगं चांगलं आहे, पण घरात एक बोलणं नाही. एक म्हणतो डोळे, एक म्हणतं फॉर्म. अशा घरात पोरगी द्यायची कशी.

निरोप ऐकून दादा हात धुवायला बाहेर गेला. मी मागे गेले. त्या फॉर्मनंतर, जिन्यातल्या त्या दिवसानंतर, तो मला एकदाही रागाने बोलला नव्हता. मला वाटलं, आता तरी बोलेल, आणि मला बरं वाटेल. मी म्हणाले, "दादा, मी खरं सांगितलं."

"व्हय. लई येळेवर सांगितलंस." तो वळलाही नाही. "सांगायचं व्हतं तर त्या टपरीवरच सांगायचं व्हतं. तवा त्यांनी माजं ऐकायच्या आदी तुजं ऐकलं असतं. आता काय झालं म्हाईत हाय का? मी आंदळाबी झालो आन् खोटाबी झालो."

त्याने हात झटकले, टॉवेलला पुसले आणि आत जेवायला गेला.

वडिलांचा माझ्यावर विश्वास बसला, असं मला वाटतं. कारण त्यांनी त्यानंतर काचेचा विषय काढला नाही. पण मला विचारलंही नाही काही. आईचं मत अजून अर्धं इकडे, अर्धं तिकडे आहे. माझं कॉलेज कुणी बंद केलं नाही. कुणी तसा विषयसुद्धा काढला नाही, आणि ज्याच्या भीतीने मी गप्प बसले होते ते मुळात होणारच नव्हतं की काय, हे आता कधी कळणार नाही. दादाचं वय अटीच्या पलीकडे गेलं आहे. गेटं जोडतो. परवा त्याच्या विम्याचा एक कागद आला, इंग्रजीतला. तो मला दिसेल असा फळीवर ठेवला होता. मी तो काढायला गेले, तर दादा म्हणाला, "राहू दे. चाचाकडनं वाचून घितो."